पानाची डावी बाजू, विसाव्या मिनिटानंतर

चौथीतल्या, नऊ वर्षांच्या एका मुलाच्या वह्या टेस्टिंगच्या, म्हणजे लक्षाच्या चाचण्यांच्या, आधीच मी मागवून घेतल्या होत्या. शाळेचा शेरा होता, ‘हुशार आहे, पण निष्काळजी. लिहिताना गाळतो.’ डोळे तपासून झाले होते, नंबर नव्हता. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, शंका बालरोगतज्ज्ञांनी घेतली होती आणि लक्षाची सविस्तर तपासणी करून द्या, अशी त्यांची चिठ्ठी होती. वह्या मी नेहमी आधी बघते. टेस्टिंगच्या खोलीत मूल दोन-तीन तास दिसतं, वहीत ते महिनोन्‌महिने दिसतं.

गणिताच्या वहीत तीन अंकी बेरजा होत्या. पानाच्या वरच्या भागातल्या बेरजा बरोबर, खालच्या अर्ध्या भागात शतकाचं घर वारंवार कोरं. वर्गशिक्षिकांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल करून ठेवला होता, त्यामुळे ते चटकन नजरेत भरत होतं. डावी बाजू सुटते असं म्हणायचा मोह इथेच होतो, पण गणिताची वही त्याला पुरावा नाही. उभी बेरीज एककापासून सुरू होते आणि डावीकडे सरकते, म्हणजे शतक नेहमी शेवटी येतं. हातचा विसरला, कंटाळा आला, पुढच्या गणितावर उडी मारली, यातलं काहीही झालं तरी कोरं राहणार ते शतकच. जागेची चूक आणि क्रमाची चूक इथे एकमेकांत मिसळलेली असते.

भाषेच्या वहीत या दोन चुका वेगळ्या झाल्या. उतारा पाहून लिहिताना त्याचे ओळीचे पहिले शब्द गळत होते. वाचताना पहिला शब्द आधी येतो, शेवटी नाही, तेव्हा कंटाळ्याचं कारण इथे लागू पडत नाही. श्रुतलेखनात, म्हणजे नुसतं ऐकून लिहायचं असताना, अशी गळती जवळपास नव्हतीच. आणखी एक गोष्ट पट्टी लावल्यावर दिसली. पानाच्या सुरुवातीला त्याची ओळ समासाच्या रेषेला चिकटून सुरू होत होती, खाली येईपर्यंत ती अंगठाभर उजवीकडे सरकलेली होती. समासाची छापील रेषा समोर असूनही. एका पानावर असं झालं तर मी सोडून देते. इथे ते पानामागून पान होतं, आणि नवं पान सुरू झालं की ओळ पुन्हा समासाला चिकटायची. वेळ गेला की डावी बाजू निसटते आणि नवी सुरुवात झाली की परत येते, ही शंका घेऊनच पुढची सगळी तपासणी आखली.

टेस्टिंगच्या दिवशी आईचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, कुणीतरी सांगितलं की याचा उजवा मेंदू कमजोर आहे. खरं आहे का? त्याचे व्यायाम असतात म्हणे.” मी त्यांना सांगितलं की कोणताही कागद-पेन्सिलीचा किंवा कॉम्प्युटरवरचा खेळ एका मुलाचा अर्धा मेंदू कमजोर आहे असं सांगू शकत नाही. लक्षाच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्या नसतात, एवढं मात्र खरं आहे आणि त्याला चांगला आधार आहे.

तो आधार इथेच मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः परायटल (वरच्या-मागच्या) भागाला, इजा झालेल्या प्रौढांमध्ये निग्लेक्ट नावाची अवस्था दिसते. डोळे शाबूत, तरी डावीकडचं जग त्यांच्या हिशेबातच नसतं. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, डावी बाही घालायची राहते. डाव्या बाजूच्या इजेनंतर उजवीकडचा असा गंभीर आणि टिकून राहणारा निग्लेक्ट बराच कमी आढळतो. हायलमन आणि व्हॅन डेन अबेल यांनी १९८० मध्ये ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीच्या, आधारे याचं एक स्पष्टीकरण दिलं: डावा परायटल भाग मुख्यतः उजवीकडच्या गोष्टींना प्रतिसाद देतो, उजवा मात्र दोन्हीकडच्या. दोन दिव्यांपैकी एकाचा उजेड अख्ख्या खोलीत आणि दुसऱ्याचा फक्त उजव्या भिंतीवर पडावा, तसं. पहिला मंदावला तर अंधार डावीकडेच होणार. कॉर्बेटा आणि शुलमन यांनी २००२ मध्ये यात आणखी एक पदर दाखवला. हेतुपुरस्सर लक्ष वळवणारं जाळं दोन्ही अर्धगोलांत आहे, पण अचानक आलेल्या महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष खेचणारं जाळं बरंचसं उजवीकडे आहे. जागं, सतर्क राहण्याचं कामही मोठ्या प्रमाणात उजव्या बाजूवर टेकलेलं असतं. म्हणून सतर्कता घसरली की लक्षाचा तोल उजवीकडे झुकतो. निरोगी माणसाला झोप येऊ लागली तरी हे घडतं.

एडीएचडीच्या मुलांत हा धागा पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला तो १९८८ मध्ये. व्होलर आणि हायलमन यांना मुलांच्या एका छोट्या गटात अक्षरं खोडण्याच्या चाचणीत डावीकडच्या चुका जास्त सापडल्या. पुढे सगळीकडे तेच सापडलं असं मात्र नाही. हुआंग-पोलॉक आणि निग यांनी २००३ मध्ये डावी-उजवीकडच्या जागेत लक्ष वळवण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एडीएचडीत या कामात ठोस दोष असल्याचा पुरावा फारसा निघाला नाही. हे दोन्ही खरं असू शकतं, आणि माझ्या मते त्याचं उत्तर वेळेत आहे. दहा मिनिटांचा, मुलाला नवा वाटणारा प्रयोग घेतला तर डावी बाजू ठीक दिसते. जॉर्ज, डोब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास नेमकं हेच तपासलं: कंटाळवाणं काम लांबत गेलं तसं एडीएचडीच्या मुलांचं डावीकडचं भान जास्त घसरलं.

मुलाला टेबलाशी बसवण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात. ‘नंबर नाही’ एवढं पुरेसं नसतं. लहान मुलं डोळ्यांच्या भिंगावर ताण देऊन लांबचा तक्ता सहज वाचतात आणि प्लसचा नंबर लपून राहतो, म्हणून थेंब घालून केलेली तपासणी लागते. ती या मुलाची झालेली होती. दृष्टिक्षेत्र समोरासमोर बसून बघता येतं. अंतर साधारण एक मीटर, एकेक डोळा झाकून, चारही कोपऱ्यांत बोटं मोजायला लावायची. क्षेत्रच अर्धं गेलेलं असेल तर चूक सकाळी, दुपारी, पहिल्या मिनिटाला, तिसाव्या मिनिटाला सारखीच राहते, आणि मूल बहुधा मान वळवून ती भरून काढायला शिकलेलं असतं. वेळेनुसार बदलणारी चूक डोळ्याची असण्याची शक्यता कमी. मग दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोट हलवून बघायचं, कधी डावं, कधी उजवं, कधी दोन्ही, ठरावीक क्रम न ठेवता. एकेकटं दिसतं पण दोन्ही हलवली की डावं दिसत नाही, असं झालं तर टेस्टिंग तिथेच थांबवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. डाव्या हाताचा नव्याने आलेला अवघडलेपणा, अलीकडेच सुरू झालेली गळती, डोकेदुखी, उलट्या, मधूनच टक लावून थांबणं आणि हाक मारली, हात लावला तरी न हलणं, यांपैकी काही असेल तरी तेच. या मुलाला यांतलं काही नव्हतं, आणि गळती पहिलीपासूनची होती.

झोपेबद्दल विचारलं तेव्हा कळलं की तो रात्री साडेअकराला झोपतो आणि सहाला उठतो. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप हवी. ही नोंद मी लाल पेनने केली.

खोलीची मांडणी इथे चाचणीइतकीच महत्त्वाची. खिडकी एका बाजूला असेल तर पडदा पूर्ण ओढायचा, कारण उजेड जिकडे जास्त तिकडे नजर जाते. कागद मुलाच्या छातीच्या मध्यरेषेसमोर ठेवून चिकटपट्टीने पक्का करायचा. कागद सरकवू दिला तर मूल डावी बाजू आपोआप समोर आणतं आणि सगळी मोजणी वाया जाते. पेन मध्यभागी द्यायचं. आणि आपण बरोबर समोर बसायचं. सवयीने आपण मुलाच्या उजव्या हाताशी बसतो, लिहिलेलं नीट दिसावं म्हणून. पण मूल माणसाकडे ओढलं जातं, आणि मग कागदावर उजवा कल दिसला तर तो आपणच निर्माण केलेला असतो.

आधी रेषांचा मध्य. ए-फोर कागद आडवा, त्यावर २० सेंटिमीटरची एकच रेषा. एका पानावर पाच-सहा रेषा दिल्या की मूल आधीच्या खुणेखाली खूण करत जातं, म्हणून एका पानावर एकच. निम्मी पानं उजव्या हाताने, निम्मी डाव्या हाताने. डाव्या टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, त्यातून १०० वजा करायचे, आलेल्या आकड्याला १०० ने भागून टक्के काढायचे. उणे आलं तर डावा कल, अधिक आलं तर उजवा. निरोगी प्रौढांची खूण मध्याच्या किंचित डावीकडे पडते. हाही उजव्या अर्धगोलाच्या वरचढपणाचाच परिणाम मानला जातो. लहान मुलांत मात्र हाताचा परिणाम मोठा असतो: उजव्या हाताची खूण उजवीकडे, डाव्या हाताची डावीकडे. म्हणून फक्त उजव्या हाताने चाचणी घेऊन ‘उजवा कल आहे’ असं लिहिणं चूक आहे. डावा हातही उजवीकडे गेला तर थांबून बघायचं. या मुलाचा उजवा हात सरासरी ३ मिलिमीटर उजवीकडे, डावा हात २ मिलिमीटर डावीकडे. काहीच वेगळं नाही.

मग अक्षरं खोडायची चाचणी, जिला आम्ही सगळे कॅन्सलेशनच म्हणतो. पानभर ‘प’ विखुरलेले आणि त्यांत ६० ‘ष’, डाव्या अर्ध्यात ३०, उजव्या अर्ध्यात ३०. प्रत्येक ‘ष’ खोडायचा. देवनागरीत अक्षरांची जोडी निवडताना एक खाचखळगा आहे. ‘म’ आणि ‘भ’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ या जोड्या सगळ्यांना सुचतात, पण त्यांतला फरक अक्षराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. एखादं मूल अक्षराचीच डावी बाजू नीट बघत नसेल तर ते ‘भ’ला ‘म’ समजेल, आणि चूक पानाच्या डावीकडची की अक्षराच्या डावीकडची हे कळणार नाही. ‘प’ आणि ‘ष’ मधला फरक अक्षराच्या पोटात आहे, म्हणून ती जोडी बरी. अक्षरं ओळीत मांडायची नाहीत. ओळी दिल्या की मूल वाचायच्या सवयीने डावीकडून सुरू करतं आणि नजर आपणहून कुठे जाते ते झाकलं जातं. दर दहा खुणांनंतर पेनाचा रंग बदलायचा, म्हणजे शोधाचा मार्ग कागदावरच उमटतो. याच पद्धतीची, अक्षरांच्या जागा बदललेली चार-पाच पानं तयार हवीत. तेच पान परत दिलं तर मूल जागा लक्षात ठेवतं.

पहिलं पान त्याने चार मिनिटांत संपवलं. डावीकडे २ सुटले, उजवीकडे १. सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यातून. मार्ग वेडावाकडा, इकडून तिकडे उड्या मारणारा, पण दोन्ही अर्धे भरलेले.

त्यानंतर कॉम्प्युटरवरचं इशाऱ्याचं काम. मायकेल पोस्नर यांनी १९८० मध्ये मांडलेली ही रचना आजही तशीच वापरतात. पडद्याच्या मध्यावर एक फुली, डावीकडे-उजवीकडे एकेक चौकट. एक चौकट क्षणभर उजळते, मग एका चौकटीत चांदणी येते, ती दिसली की स्पेस बार दाबायचा. दहांपैकी आठ वेळा इशारा खरा, दोनदा खोटा. डोळे फुलीवरच ठेवायचे, म्हणजे नजर न हलवता लक्ष किती लवकर वळतं ते मोजता येतं. कॅमेऱ्याने डोळे बघत राहावं लागतं, नजर हलली की तो प्रयत्न बाद. मुलाचे डोळे पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर ठेवले की पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश, हिशेब सोपा होतो. चौकटी ७ सेंटिमीटरवर होत्या. बटण एकच ठेवायचं, डाव्याला डावं आणि उजव्याला उजवं अशी दोन बटणं दिली तर हाताची चूक लक्षाच्या चुकीत मिसळते. अधूनमधून चांदणी येतच नाही, तरी मूल दाबतं का, तेही बघायचं.

इथे सरासरी फसवी असते. या मुलाचे बहुतेक प्रतिसाद वयाला साजेसे होते, पण मधूनच एखादा सेकंद-सव्वा सेकंदाचा येत होता. एडीएचडीत वारंवार सापडणारी गोष्ट हीच आहे, प्रतिसादाच्या वेळेतला चढउतार. सरासरी काढली की मूल ‘मंद’ दिसतं, मध्यक (चढत्या क्रमात लावल्यावर मधोमध येणारी वेळ) काढला आणि पसारा वेगळा मोजला की खरं चित्र दिसतं. खोट्या इशाऱ्याची किंमत, म्हणजे त्यामुळे प्रतिसादाला लागणारा जादा वेळ, डावीकडे आणि उजवीकडे सारखीच निघाली.

टेस्टिंग इथे संपलं असतं तर रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं असतं: प्रतिसाद अस्थिर, शोधाची पद्धत विस्कळीत, बाजूंमध्ये फरक नाही. बऱ्याच रिपोर्टांत तेच लिहिलेलं असतं, कारण वेळ तेवढाच असतो.

पुढचं काम मुद्दाम नीरस ठेवलं होतं. करड्या पडद्यावर कधी डावीकडे, कधी उजवीकडे एक फिका ठिपका, दोन ते सहा सेकंदांच्या अनियमित अंतराने. ना इशारा, ना गुण, ना शाबासकी. वीस मिनिटं, मध्ये सुट्टी नाही. मुलाला आधी स्वच्छ सांगायचं की काम कंटाळवाणं आहे, तसंच असायला हवं आहे, आणि अगदीच नको झालं तर हात वर कर, आपण थांबवू. मी गप्प बसले. मध्येच ‘छान’ म्हटलं तरी मूल जागं होतं आणि मोजायची गोष्टच निघून जाते. पहिल्या पाच मिनिटांत डाव्या ठिपक्याला मध्यक ४३० मिलिसेकंद, उजव्याला ४२५. शेवटच्या पाच मिनिटांत उजव्याला ४८०, डाव्याला ५६०, आणि पूर्ण सुटलेले ठिपके बहुतेक डावीकडचे.

लगेच, उठू न देता, दुसरं पान. या वेळी त्याने पेन उचललं आणि पहिली खूण उजव्या अर्ध्यात केली. उजवा भाग बराच वेळ उकरला, खोडलेल्या ‘ष’वर पुन्हा पुन्हा खुणा केल्या, मग डावीकडे गेला. पान संपलं तेव्हा उजवीकडे ३ सुटले होते, डावीकडे ११.

या आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. उजवीकडून सुरू करून मूल मध्येच कंटाळून थांबलं तरी डावीकडचेच सुटतील. तो दोष बघण्याचा नाही, थांबण्याचा. दोन्ही वेगळे कसे करायचे? रंग बघायचे. शेवटच्या हिरव्या खुणा पानाच्या अगदी डाव्या कडेला होत्या, वर दोन आणि खाली एक. म्हणजे तो कडेपर्यंत गेला होता. त्या खुणांच्या मधले, बोटाच्या अंतरावरचे ‘ष’ मात्र तसेच होते. मी विचारलं, “झालं? एकदा परत बघ.” त्याने पानावर नजर फिरवली आणि म्हणाला, “झालं, एकपण नाही राहिला.” नंतर एका न खोडलेल्या ‘ष’वर मी बोट ठेवलं तेव्हा तो दचकला. “हा इथे होता?” या स्वरात बनाव नसतो. शाळेत याच जागी त्याला ‘नीट बघत जा’ ऐकावं लागत होतं.

मग सतर्कतेची कसोटी. इयन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की निग्लेक्ट असलेल्या रुग्णांना अचानक मोठा आवाज ऐकवला की डावीकडचं भान काही क्षण सुधारतं, आवाज कोणत्याही बाजूने आला तरी. तिसरं पान देताना समोर, बरोबर मध्यावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून अनियमित अंतराने ठसठशीत टोन वाजत ठेवला. स्पीकर डावीकडे ठेवला असता तर नजर आवाजामागे गेली असती आणि काहीच सिद्ध झालं नसतं. टोन कानाला त्रास होईल इतका मोठा नको, आणि ठरावीक तालात तर मुळीच नको, कारण ताल मुलाला लगेच सवयीचा होतो. डावीकडे ४ सुटले, उजवीकडे २.

सरावाने सुधारला असेल का? ही शंका रास्त होती, म्हणून पुन्हा पंधरा मिनिटं ठिपके आणि चौथं पान, टोनशिवाय. डावीकडे ९, उजवीकडे ३. सराव असता तर आकडा खाली राहिला असता. नुसता हाताचा थकवा असता तर दोन्ही बाजू सारख्या घसरल्या असत्या. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, क्रम उलटा करून सगळं परत घेतलं: कंटाळवाण्या कामानंतर आधी टोनचं पान, मग बिनटोनचं. आकडे थोडे बदलले, दिशा तीच राहिली. एका मुलावरून नियम काढता येत नाही, पण त्या मुलाबद्दल काय बोलायचं ते अशा उलटसुलट क्रमानेच पक्कं होतं.

आईबाबांना समजावताना मी दोन पानं शेजारी ठेवली, पहिलं आणि दुसरं. आई बराच वेळ दुसऱ्या पानाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “मी याला रोज ओरडते.” बाबांनी विचारलं की मग एडीएचडी आहे हे नक्की झालं ना. त्यांना स्पष्ट सांगावं लागलं की या पानांवरून निदान होत नाही. डावी बाजू सुटणारं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं आणि एडीएचडीच्या अनेक मुलांची डावी बाजू शाबूत असते. निदान इतिहासावरून आणि घर-शाळा दोन्हीकडच्या निरीक्षणांवरून होतं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या नियमावलीप्रमाणे लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या यादीतल्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली, दोन ठिकाणी दिसणारी आणि कामात अडथळा आणणारी असावी लागतात. या मुलाच्या बाबतीत प्रश्नावल्या आणि मुलाखती ते निकष पूर्ण करत होत्या, आणि अंतिम शब्द बालरोगतज्ज्ञांचा. पानांनी दुसरं काम केलं, मदत नेमकी कुठे हवी ते दाखवलं.

व्यायामांबद्दलही सांगितलं. हात-पाय उलटसुलट हलवून ‘उजवा मेंदू जागा करणारे’ वर्ग मिळतात. त्यांतून अशी गळती थांबते याला भरवशाचा आधार नाही. मुलाने उड्या जरूर माराव्यात, दोन धड्यांच्या मधली हालचाल सतर्कतेला चांगलीच, पण त्यासाठी पैसे आणि संध्याकाळ खर्च करायची गरज नाही.

पहिलं काम झोप. रोज अडीच तास कमी झोपणाऱ्या मुलाची सतर्कता मोजली तर किती एडीएचडीचं आणि किती झोपेचं हे वेगळं करता येत नाही. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायची, एकदम दोन तास आणली तर मूल अंथरुणात जागंच पडतं.

वहीसाठी डाव्या समासावर जाड रंगीत उभी रेषा. प्रत्येक ओळ वाचायला किंवा लिहायला घेताना आधी ती रेषा शोधायची, मग पुढे जायचं. प्रौढांच्या निग्लेक्टमध्ये वापरली जाणारी ही जुनी युक्ती आहे. ती बहुतेक घरांत एका कारणाने फसते: आठवड्यात रेषेची सवय होते आणि ती दिसेनाशी होते. म्हणून रंग बदलत राहायचा, आणि रेषेवर डाव्या हाताचं बोट टेकवून ठेवायचं. डावा हात डावीकडे हलता ठेवला की त्या बाजूचं भान वाढतं, हे निग्लेक्टच्या रुग्णांत दिसलेलं आहे. मुलांना बोट ठेवायचा कंटाळा येतो, पण ‘ओळ संपली की बोट एक घर खाली’ असा नियम केला की जमतं.

गणितं चौकटीच्या वहीत, शतक-दशक-एककाची घरं वर लिहून. एका पानावर चारच गणितं, पान दोनदा दुमडून, म्हणजे एका वेळी पाव पान समोर. शाळेला सर्वांत कळकळीने मी हे सांगितलं: काम सहा-सात मिनिटांच्या तुकड्यांत द्या, मध्ये त्याला उठवा, फळा पुसू द्या, वह्या वाटू द्या. परीक्षेत मधल्या वेळी अर्धं मिनिट उभं राहू द्या आणि पेपर देण्याआधी वरून खाली फक्त डावी कड तपासायला लावा. ‘सगळं परत बघ’ म्हटलं तर तो सगळं बघेल आणि डावीकडचं पुन्हा सुटेल. ‘फक्त ही कड बघ’ म्हटलं तर सापडेल. वर्गात टोन वाजवणं शक्य नसतं, त्याऐवजी थरथरणारं मनगटी घड्याळ चालतं, अनियमित अंतरावर लावलेलं. पहिल्या बाकावर बसवणं सगळीकडे सुचवलं जातं. याच्या बाबतीत मी अट घातली: फळा आणि शिक्षिका त्याच्या डावीकडे दूर असतील असा उजव्या टोकाचा बाक नको, फळ्यासमोर मधला द्या.

औषधाचा निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीत दिलं जाणारं औषध मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन या दोन्ही रसायनांचं पुनर्शोषण रोखतं, आणि नॉरॲड्रिनलिनचा सतर्कतेशी थेट संबंध आहे. शेपर्ड आणि सहकाऱ्यांना १९९९ मध्ये रेषांच्या मध्याच्या चाचणीत औषध न घेतलेल्या एडीएचडीच्या मुलांत उजवा कल दिसला होता, औषध घेतलेल्यांत तो नव्हता. म्हणून औषध सुरू झालं तर फेरतपासणी कशी करायची ते रिपोर्टमध्येच लिहून ठेवलं. झोपेच्या वेळा बसल्यानंतर आणि औषध सुरू होण्याआधी एकदा, नाहीतर सुधारणा कशाची हे कळणार नाही. मग औषधावर एकदा, दिवसाच्या त्याच वेळेला. लवकर विरणारी गोळी असेल तर ती अर्ध्या ते एका तासात लागू पडते आणि साधारण चार तास टिकते, तेव्हा काम गोळीनंतर तासाभराने सुरू करायचं आणि दोन-अडीच तासांत संपवायचं. तोच क्रम, न वापरलेली नवी पानं, समोर बसणारी व्यक्ती शक्यतो तीच. आणि सुरुवातीचं पान नीट आलं म्हणून तिथे थांबायचं नाही, तुलना दुसऱ्या आणि चौथ्या पानाची करायची.